उसना गंध, उसने प्रेम

जर्मन लेखक पॅट्रिक झ्यूसकिंट यांची ‘परफ्यूम’ ही कादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली आणि २००६ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. ‘एका खुन्याची कथा’ असे उपशीर्षक असल्यामुळे अनेक वाचक तिच्याकडे रहस्यकथा म्हणून वळतात. प्रत्यक्षात तिचा विषय अधिक खोल आहे. एका माणसाच्या अंगाचा वास दुसऱ्याच्या मनाशी काय बोलतो, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

१७३८ साली पॅरिसच्या मासळीबाजारात जन्मलेल्या ग्रनूयच्या अंगाला मुळी वासच नाही. त्याला पाजणारी दाई त्याला मठात परत आणून देते. तान्ह्या बाळाच्या टाळूला येणारा गोड वास याला येत नाही, म्हणजे हा सैतानाचा अंश आहे, असे तिचे म्हणणे. फादर तेरिए तिला अंधश्रद्धेबद्दल फटकारतात. टोपली मांडीवर घेऊन, आपणच या बाळाचे वडील आहोत अशा कल्पनेत क्षणभर रमतातही. एवढ्यात बाळ जागे होऊन त्यांना हुंगू लागते. आपले अंतरंग कोणी उघडे पाडले या भावनेने फादर हादरतात आणि त्या निरागस जिवाला सैतान ठरवून तातडीने दूर पोहोचवतात.

हे चित्रण धर्मगुरूंची टिंगल करणारे आहे, असे काही वाचकांना वाटेल. माझ्या मते कादंबरीतील हे सर्वांत सत्य प्रकरण आहे. करुणेवर प्रवचन देणे सोपे असते. समोरच्या माणसाच्या इतके जवळ जाणे, की त्याने आपल्यालाही ओळखावे, हे कठीण असते. पुढे मूल ज्या मादाम गायारकडे वाढते, तिची घ्राणशक्ती लहानपणी वडिलांनी मारलेल्या फटक्याने गेली आहे, आणि तिच्याबरोबर मायाही आणि तिरस्कारही. नाक आणि हृदय यांचे हे नाते लेखकाने फार समर्थपणे टिपले आहे.

विज्ञानाची याला मर्यादित साक्ष मिळते. जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत अर्भक आईचा गंध ओळखू लागते. विमानातून प्रथमच उडी घेणाऱ्यांच्या घामाचा वास दिल्यावर, हुंगणाऱ्यांच्या मेंदूतील भीतीशी निगडित भाग अधिक सक्रिय झाल्याचे २००९ साली अमेरिकन संशोधकांनी दाखविले. आनंदी अवस्थेत आलेला घाम हुंगणाऱ्यांच्या चेहऱ्यावर स्मिताचे स्नायू किंचित हलतात, असे २०१५ साली नेदरलँड्समधील प्रयोगात आढळले. पण हे परिणाम सूक्ष्म आहेत. ‘फेरोमोन’ हा शब्द १९५९ साली रूढ झाला तो प्रामुख्याने कीटकांच्या संदर्भात. रेशीमकिड्याच्या नराला मादीकडे खेचून नेणाऱ्या द्रव्यासारखे एखादे द्रव्य मनुष्यात अद्याप सिद्ध झालेले नाही. गंध आपल्याशी कुजबुजतो. तो आपल्याला हुकूम करीत नाही.

कादंबरीचा उत्तरार्ध नेमका येथे घसरतो. पंचवीस कुमारिकांचा खून करून ग्रनूय एक अत्तर सिद्ध करतो आणि वधस्तंभाशी जमलेला हजारोंचा समुदाय त्या वासाने बेभान होऊन त्याची आराधना करू लागतो. येथे माणसे रेशीमकिडे होतात. त्यांची सदसद्विवेकबुद्धी लेखक एका थेंबात बुडवून टाकतो. तरीही त्याने एक सत्य सोडलेले नाही. मृत मुलीचा पिताच जेव्हा ग्रनूयला पुत्र म्हणून कवटाळतो, तेव्हा त्या खुन्याचे मन द्वेषाने भरून येते. लोक भुलले ते अत्तरावर. तो स्वतः मात्र अनोळखीच राहिला.

उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायातील अंध इसहाक येथे आठवतो. आवाज ऐकून तो साशंक होतो. परंतु एसावच्या वस्त्रांचा वास येताच याकोबाला आशीर्वाद देतो. उसन्या गंधाने आशीर्वाद मिळाला, पण लगेच घर सोडून पळण्याची पाळी आली. पुढे याब्बोकच्या काठी त्याला आपले खरे नाव सांगावे लागले, तेव्हाच त्याला नवे नाव लाभले. ग्रनूयच्या जीवनात असे याब्बोक येत नाही. त्याचे नाव खऱ्या अर्थाने विचारणारा कोणी भेटत नाही. हीच त्याची शोकांतिका होय.

२८ मार्च २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना सांगितले होते, की मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यावा. फादर तेरिए यांना नेमके हेच जमले नाही. अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांच्या खोलीत आपण उंबऱ्यावरूनच चौकशी करून परततो, तेव्हा आपल्यालाही ते जमलेले नसते.

कादंबरीत हिंसेची व उन्मादाची वर्णने आहेत; म्हणून ती मुलांच्या हाती देऊ नये. प्रौढांनी ती अवश्य वाचावी. निदान पहिली काही प्रकरणे तरी सावकाश वाचावीत आणि मग घरातील त्या खोलीत थोडा वेळ जाऊन बसावे.