‘लाहक’ आणि ‘श्वसनसंसर्ग’ : आरोग्यशिक्षणाच्या निधीची भाषा

शासकीय अंदाजपत्रकात आरोग्यशिक्षणाच्या खर्चाला ‘माहिती, शिक्षण व संवाद’ असे शीर्षक असते. या तीन पदांचा क्रम विचार करावयास लावणारा आहे. माहिती आधी, संवाद शेवटी. आणि निधीचा ओघही बहुधा त्याच क्रमाने आटत जातो. भित्तिपत्रके छापली जातात, फलक रंगविले जातात; ज्याच्याशी बोलावयाचे तो मनुष्य कोणत्या भाषेत बोलतो, हे विचारण्यासाठी मात्र पैसा उरत नाही. चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांपुरता हा प्रश्न येथे तपासावयाचा आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही. परंतु आरोग्यशिक्षण म्हणजे अखेर शब्दांचा व्यवहार होय, आणि तेवढ्या अधिकाराने हे लिहिले आहे.

या भागातील एका आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मी वाचलेले वाक्य असे होते : ‘बालकांमधील तीव्र श्वसनसंसर्गाची लक्षणे वेळीच ओळखा.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. दोष इतकाच, की ज्या मातेसाठी ते लिहिले तिच्या बोलीत त्यातील ‘ओळखा’ हे एकच क्रियापद सुरक्षित उरते. या परिसरातील मराठी बोलणाऱ्या बायका लहान मुलाच्या त्याच दुखण्याला ‘डबा’ म्हणतात, ‘लाहक’ म्हणतात. यांतील ‘लाहक’ हा शब्द विशेष मोलाचा आहे. धापा टाकीत येणाऱ्या माणसाला विदर्भात ‘लाहकत आला’ असे म्हणतात. म्हणजे रोगाचे नावच येथे रोगाचे लक्षण सांगते. आणि श्वासाची वाढलेली गती हेच न्यूमोनिया ओळखण्याचे प्रमुख लक्षण आधुनिक वैद्यकानेही मानले आहे. ‘श्वसनसंसर्ग’ हा शब्द कारण सांगतो, ‘लाहक’ हा शब्द पाहावयास लावतो. आईला यांपैकी कशाची गरज आहे, हे सांगावयास नको.

अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत केलेल्या कार्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. त्यांचा न्यूमोनियाविषयीचा प्रयोग १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात गावकऱ्यांचे शिक्षण आणि गावातच औषधोपचार अशी दोन अंगे एकत्र होती. उपचार झालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ राहिले, तुलनेच्या गावांत ते १३.५ होते. पुढे नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग ३९ गावांत झाला. त्याचा १९९९ मधील अहवाल सांगतो की, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली आणि दर बालकामागे सुमारे ५.३ डॉलर खर्च आला.

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे, व तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. हे यश औषधांचे की शब्दांचे? या प्रयोगांची रचनाच अशी होती की दोहोंचा वाटा अलग करून दाखविता येत नाही. म्हणून ‘लोकभाषा वापरली आणि मृत्यू घटले’ असे विधान करणे अशास्त्रीय ठरेल. मात्र औषध मुलापर्यंत पोहोचण्यापूर्वी कोणीतरी मुलाच्या छातीकडे पाहून आरोग्यदूताला बोलवावे लागते, आणि ते बोलावणे शब्दांतच होते. इतके तरी निःशंकपणे म्हणता येते.

राणी बंग यांचे ‘कानोसा’ हे पुस्तक मला याच कारणासाठी महत्त्वाचे वाटते. त्याच्या नावातच पद्धती आहे. स्त्रिया आपल्या देहाविषयी काय बोलतात ते आधी ऐकावयाचे, सांगावयाचे ते नंतर. ‘श्वेतप्रदर’ हा शब्द उच्चारणाऱ्या वैद्यापुढे मौन पाळणारी स्त्री ‘अंगावरून पांढरं जातं’ हे दुसऱ्या स्त्रीला सहज सांगते. याउलट, बालमृत्यूंच्या नोंदींवरील २००१ च्या अहवालाचे ‘कोवळी पानगळ’ हे नाव मला खटकते. ते हृदयस्पर्शी आहे, नागर वाचकाला त्याने हलविले हेही खरे. परंतु पानगळ हा ऋतुधर्म आहे; तिला कोणी उत्तरदायी नसते. जो मृत्यू टाळता येतो असे सिद्ध करावयाचे, त्याला ऋतूची उपमा देऊन आपण आपलाच मुद्दा दुबळा करतो.

आता ‘लाहक’ हा शब्दही मराठीभाषक गावांचा. भामरागड-एटापल्लीकडील माडिया वस्तीत तो परकाच आहे. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. तिचे व मराठीचे नाते शेजारधर्माचे, रक्ताचे नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशात तिचे २९ लाखांवर भाषक नोंदले गेले, तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार वाहणारा हा जिल्हा; त्याच्या आरोग्यसूचना मुख्यतः मराठीत निघतात. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा प्रकाश व मंदाकिनी आमटे यांना प्रथम माडिया शिकावी लागली. त्या शिकण्यात गेलेला काळ आज कोणी अनुदानासाठी मागितला, तर तो कोणत्या शीर्षकाखाली बसवावा?

सुरक्षेच्या शिक्षणाचीही तीच गत. चंद्रपूरच्या जंगलात मार्च-एप्रिलात पहाटे मोह वेचावयास आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडावयास लोक जातात, आणि वाघाशी गाठ पडण्याचा धोका तेव्हा फार असतो. ‘वन्यप्राण्यांपासून सावध राहा’ हा फलक त्यांना नवे काय सांगतो? वाघ आज कोठे आहे, हे त्यांना हवे असते. वनखाते ते ‘कक्ष क्रमांका’त जाणते, गावकरी त्याच जागेला नाल्याच्या, टेकडीच्या, एखाद्या झाडाच्या नावाने ओळखतो. या दोन नामावल्यांचा एक कोष करावयास छापखाना लागत नाही; गावातील चार जाणती माणसे, एक वनरक्षक आणि थोडे दिवस लागतात.

पैसा मुळीच नाही, असे नव्हे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावाच्या आरोग्य समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी देऊ केला. २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटींसाठी आशा कार्यकर्तीला २५० रुपये ठरविण्यात आले. २०१५ पासून पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के हिस्सा थेट मिळू लागला, आणि खाणपट्ट्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचीही तरतूद त्याच वर्षी झाली. परंतु छपाईचे देयक जोडता येते, फलकाचे छायाचित्र जोडता येते. माडिया बोलणाऱ्या बाईने दुसऱ्या बाईच्या ओसरीवर घालविलेल्या दुपारीचे देयक कोण मंजूर करणार? हिशेबतपासनिसाचा यात दोष नाही. त्याला दाखविता येईल असा खर्चाचा प्रकारच आपण भाषाभ्यासकांनी आजवर त्याच्यापुढे मांडलेला नाही. पदव्युत्तर प्रबंधांसाठी बोलींचे ध्वनिविचार पुष्कळ झाले. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो हे प्रत्येक विद्यार्थी सांगेल. दुखण्यांच्या नावांचा गाववार संग्रह मात्र आपल्या विभागातही झालेला नाही, आणि त्याला लागणारा निधी एका भित्तिपत्रकाच्या आवृत्तीहून फार अधिक असेल असे वाटत नाही.