‘स्वदेशी वापरा’ : एका पाटीचे व्याकरण

मुंबई-आग्रा महामार्गावर नरडाण्याच्या आसपास हाताने रंगवलेल्या पाट्या मी टिपून ठेवत आलो आहे. खोक्याचा पुठ्ठा किंवा पत्र्याचा तुकडा, त्यावर ‘स्वदेशी वापरा’ किंवा ‘विदेशी माल घेऊ नका’. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही. छापील फ्लेक्सपेक्षा मला त्या खऱ्या वाटतात, कारण लिहिणाऱ्याचा हात त्यांत दिसतो. म्हणूनच त्या नीट वाचल्या पाहिजेत.

दोन्ही वाक्ये आज्ञार्थी आहेत आणि दोन्ही गिऱ्हाइकाला उद्देशून आहेत. माल कोणी पिकवला, कोणी घडवला, हे त्यांत नाही. वाक्यात घेणारा आहे, करणारा नाही.

याच खानदेशात, फैजपूरला, डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्याला जोडून खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते. तिथे स्वदेशी म्हणजे कारागिराची ओळख होती. खादीचा दाम सूत कातणाऱ्यापर्यंत पोचावा, हा त्यामागचा हिशेब होता. पाटीवर येता येता शब्द उरला, हिशेब गळाला.

ही उणीव केवळ व्याकरणाची नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. पंतप्रधानांनी दुकानांवर स्वदेशीचे फलक लावण्याचे आवाहन केले. त्याच महिन्यात कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. वस्त्रोद्योगाला कच्चा माल स्वस्तात मिळावा, हे त्याचे कारण. पण खानदेशातल्या कापसाची वेचणी ऐन याच दिवसांत येते. म्हणजे पाटी शेतकऱ्याला सांगते, परदेशी वस्तू घेऊ नकोस. आणि त्या महिन्यांत त्याच्याच कापसाशेजारी परदेशी गाठी बिनशुल्क उतरत होत्या. गाठी विकत घेणारा रस्त्यावरची पाटी वाचत नाही.

पाटी लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. वाक्य मात्र अर्धे आहे. याच रस्त्यावरचे सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. ‘सोनगीरच्या तांबटाने घडवलेला हंडा इथे मिळेल’ किंवा ‘हा कापूस शिंदखेडा तालुक्यातला’ असे कोणी लिहिले, तर त्यात हुकूम नसेल, पण कर्ता असेल. दाम कोणाच्या हातात पडतो, हे वाचणाऱ्याला कळेल. स्वदेशीची पुरी पाटी मी तिलाच म्हणेन.