‘स्वदेस’ आणि बिलगावची वीज

आशुतोष गोवारीकर यांचा ‘स्वदेस’ हा बोलपट 17 डिसेंबर 2004 रोजी प्रदर्शित झाला. त्याविषयी जे लेख आमच्या वाचनात आले, त्यांत परदेशस्थ भारतीयाच्या मनाची घालमेल, शाहरुख खान यांचा संयत अभिनय आणि रहमान यांचे संगीत यांचीच चर्चा विशेष आढळली. नायक ज्या यंत्राच्या साह्याने चरणपुरात दिवा लावतो, त्या यंत्राकडे मात्र रसिकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. वास्तविक या कथानकाचा कणा ते यंत्रच होय. ते काढून टाकले तर उरते ती एक हळवी प्रेमकथा आणि काही गोड गाणी. सबब प्रस्तुत लेखात त्या यंत्राचे मूळ कोठले आणि पडद्यावर येताना त्याचे काय झाले, एवढ्याचाच विचार करावयाचा आहे.

हे मूळ नंदुरबार जिल्ह्यात आहे. अक्राणी तालुक्यात, धडगावच्या पलीकडे, सातपुड्याच्या रांगांत उदई नदीच्या काठी बिलगाव नावाचे आदिवासी गाव आहे. गावालगत नदीचे पाणी कड्यावरून खाली कोसळते. वरच्या अंगास लहानसा बांध घालावयाचा, पाटाने पाणी टाकीपर्यंत आणावयाचे, तेथून नळाने ते उतारावरून सोडून खालच्या चाकावर पाडावयाचे आणि चाकास जोडलेल्या जनित्रातून वीज घ्यावयाची, अशी ही सरळ योजना. केरळातील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’ या संस्थेचे अभियंते अनिल कुमार व मधुसूदनन यांनी तिची आखणी केली. नर्मदा बचाओ आंदोलनाने संघटन पुरविले, आणि खोदाई, बांधकाम व दगडमातीची वाहतूक हे सारे गावकऱ्यांनी श्रमदानाने केले. 2003 च्या प्रारंभी तेथील पाड्यांत दिवे लागले. यंत्राची शक्ती अवघी 15 किलोवॅट. अमेरिकेतून परतलेले रवि कुचिमंची व अरविंदा पिल्ललमर्री हे दांपत्य या खोऱ्यातील कामाशी जोडलेले होते, आणि ‘स्वदेस’च्या नायकाची कल्पना त्यांच्यावरून सुचली असे सर्वत्र मानले जाते.

आता पडद्यावर काय दिसते ते पाहू. गाव उत्तर प्रदेशात गेले. पावरा व भिल्ल जाऊन तेथे जातीपातींनी दुभंगलेला पंचायतीचा गाव आला. नदीऐवजी डोंगरावरचा झरा आला. दोन अभियंते, एक संघटना, एक दांपत्य आणि गाव या सर्वांच्या जागी ‘नासा’तून रजेवर आलेला मोहन भार्गव हा एकटा उभा राहिला. पंचायतीकडे तो शंभर माणसे मागतो. ती त्यास मिळतात, खोदतात, ओझी वाहतात आणि कामापुरती पडद्यावर राहून निघून जातात. बोलपटाच्या नावाखाली ‘आम्ही, भारताचे लोक’ या अर्थाचे इंग्रजी शब्द झळकतात हे ध्यानात घेतले, म्हणजे ही एकाकी नायकपूजा अधिकच खटकते. ‘लगान’मध्ये ज्या दिग्दर्शकाने अकरा जणांस अकरा चेहरे दिले, त्यास येथे शंभरांतून चार तरी देता आले असते.

यावर कोणी म्हणेल की, कलाकृती म्हणजे बातमीपत्र नव्हे. लेखकास स्थळ, काळ, पात्रे बदलण्याची मुभा असलीच पाहिजे. हे आम्हांस सर्वथैव मान्य आहे. बिलगावचे चरणपूर झाले याबद्दल आमची मुळीच तक्रार नाही. या बदलात कथेचा प्रश्नच पालटून गेला, ही आमची तक्रार आहे. चरणपुरात अंधार का आहे? तर लोक आळशी, दैववादी व आपसांत फुटलेले आहेत म्हणून. तेव्हा कोणी शहाण्याने येऊन त्यांस जागे केले की दिवा लागलाच. बिलगावच्या अंधाराचे कारण याहून फार निराळे होते. ज्या नर्मदेस उदईचे पाणी जाऊन मिळते, तिच्यावर शेजारच्या गुजरातेत देशातील एक अतिप्रचंड जलविद्युत्‌प्रकल्प उभा राहत होता. आणि त्याच्या जलाशयाखाली जाणाऱ्या गावांत अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील 33 गावे होती. मणिबेली तर 1993 च्या पावसाळ्यातच पाण्याने वेढले गेले. या गावांना आळसाने अंधारात ठेवले असे म्हणणे म्हणजे घरमालकास बाहेर काढून वर त्यासच घर झाडले नाही म्हणून बोल लावण्यासारखे आहे.

येथे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवणे अगत्याचे आहे. सरदार सरोवराची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता 1450 मेगावॅट. 1979 च्या लवादनिवाड्याप्रमाणे विजेचे वाटे मध्य प्रदेशास 57, महाराष्ट्रास 27 व गुजरातेस 16 टक्के असे ठरले. म्हणजे महाराष्ट्राच्या वाट्याची क्षमता सुमारे 391 मेगावॅट. बिलगावची 15 किलोवॅट. एक दुसऱ्याच्या सुमारे 26 हजार पट! धरणाचा कैवारी हा हिशेब पुढे मांडून विचारील की, तुमच्या ओढ्यांवर मुंबईची आगगाडी चालेल काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. आपला देश खनिज तेलाच्या गरजेपैकी चार पंचमांशाहून अधिक बाहेरून आणतो. वीज तर बहुतांशी कोळशाची. कोळसा व तेल जाळल्याने हवेत जो कर्बवायू साचतो, त्याने पृथ्वीचे तापमान चढत आहे, हे आता वादापलीकडचे आहे. अशा वेळी पाण्यापासून एवढी वीज मिळत असेल, तर तीस नावे ठेवणारा मनुष्य वेडा तरी असावा किंवा दुष्ट तरी, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु हा युक्तिवाद ज्या तराजूत तोलला जातो, त्यात एकच पारडे असते. पाण्याची वीज तेलाच्या विजेहून बरी, एवढे सिद्ध होताच वाद संपला असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. बिलगावचा व धरणाचा तंटा तेल विरुद्ध पाणी असा नव्हताच. दोन्हीकडे पाणीच होते. दोन्ही योजना आजच्या भाषेत ‘पर्यायी’ म्हणून मिरवू शकतील अशा. भेद होता तो यात, की एका यंत्राची किल्ली ज्यांच्या घरात दिवा लागणार त्यांच्याच हाती होती, आणि दुसऱ्याचे पाणी ज्यांच्या शेतावर चढणार त्यांच्या घरी त्याची वीज येईल असे कोणी ठरविलेच नव्हते. पर्याय कशास, हे आपण हिरिरीने विचारतो. पर्याय कोणासाठी, हे विचारताना मात्र आपला आवाज खाली येतो. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, तेव्हाही वनजमिनीवर हक्क सांगणाऱ्या आदिवासींस हाच अनुभव आला. वारा स्वच्छ होता. ज्या जमिनीवर खांब रोविले, तिचा प्रश्न तेवढा स्वच्छ नव्हता.

बिलगावचा दिवा फार काळ तेवला नाही. 2006 साली धरणाची उंची 121.92 मीटरपर्यंत नेण्याचे काम चालू असता, त्या पावसाळ्यात आलेल्या पुरात व जलाशयाच्या फुगवट्यात तो छोटा प्रकल्प बुडाला. त्यापूर्वी नर्मदेच्या काठी डोमखेडीस याच मंडळींनी बसविलेल्या याहूनही लहान यंत्राची गतही अशीच झाली होती. म्हणजे ‘स्वदेस’ चित्रगृहांत लागला तेव्हा बिलगावात दिवा जळत होता, आणि अवघ्या दोन वर्षांच्या आत तो विझला. एका स्वच्छ विजेने दुसरीस गिळले. मूळ कथेत एवढे मोठे नाट्य असताना पटकथेस नळीत अडकलेला कचरा हाच काय तो अडथळा सापडावा, आणि नायकाने टाकीत बुडी मारून तो काढावा, हे आम्हांस अतिशय अपुरे वाटते. बोलपट 2004 चा व बूड 2006 ची, तेव्हा दिग्दर्शकास पुढचे कसे कळावे, असा आक्षेप येईल. पण बूड येणार हे त्या खोऱ्यातले शेंबडे पोरही जाणत होते. सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे काम पुढे नेण्यास अनुमती दिली ती ऑक्टोबर 2000 मध्येच.

दुसरीही एक उणीव नजरेस येते, व ती निव्वळ तंत्राची आहे. चरणपूरचा झरा बारमाही वाहतो. त्यास चैत्र-वैशाख ठाऊक नाहीत. सातपुड्यातील नद्यानाले उन्हाळ्यात धाग्याएवढे उरतात आणि आषाढात झाडे उपटून आणतात. तेथे असे यंत्र चालवावयाचे म्हणजे जाळीवरचा पाचोळा रोज काढणे, पाटातला गाळ उपसणे, तारा तुटल्या की जोडणे, वीज कोणी किती वापरावयाची ते बसून ठरविणे आणि कोरड्या महिन्यांत पुन्हा चिमणीला तेल शोधणे. छोट्या योजनांचे भक्त या भागाविषयी मौन पाळतात. त्यांच्या पत्रकांतून लहान ते सारे सुंदर व सोपे असते. खरी परीक्षा दिवा लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. ‘स्वदेस’मध्ये दिवा लागताक्षणी उजळलेला त्या म्हातारीचा चेहरा आम्ही विसरू शकत नाही, साऱ्या बोलपटातील तो उत्कृष्ट क्षण, आणि केवळ त्यासाठी दिग्दर्शकाचे अनेक अपराध पोटात घालावेत. पण त्यानंतर नायक अमेरिकेस जातो, गावातील यंत्र कोण राखतो हे कोणी विचारीत नाही आणि गाणे सुरू होते.

मोहनचा व्यवसायही पटकथेने वाया घालविला आहे. तो पर्जन्यमापनाच्या जागतिक उपग्रहयोजनेवर काम करीत असतो. ही योजना कल्पित नव्हे. तिचा मुख्य उपग्रह फेब्रुवारी 2014 मध्ये जपानातून खरोखरीच सोडण्यात आला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिले की, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग जवळजवळ तिपटीने वाढले. पाऊस असा लहरी होत असता ओढ्यावरील 15 किलोवॅटचे यंत्र कसे टिकावे आणि महानदीवरील जलाशयाचे दरवाजे केव्हा उघडावेत, हे दोन्ही प्रश्न मोहनसारख्या मनुष्यापुढेच मांडावयाचे होते. पडद्यावर त्याची विद्या त्यास सभेत बोलण्यापुरती आणि आकाशातले तारे दाखविण्यापुरती उपयोगी पडते. तेलाविषयी तर विचारूच नये! खेड्यास स्वयंपूर्णतेचा धडा द्यावयास निघालेला हा गृहस्थ दिल्लीहून येतो तो घराएवढी मोटारगाडी भाड्याने घेऊन. तिच्या पेट्रोलाचा हिशेब त्यास कोणी मागत नाही, आणि दिग्दर्शकासही त्यात काही विनोद दिसला नसावा.

चरणपूर म्हणून जे गाव पडद्यावर दिसते, ते पुष्कळसे सातारा जिल्ह्यातील मेणवलीचे आहे. नाना फडणविसांच्या वाड्याखालचा कृष्णेचा तो घाट मराठी वाचकांस परिचित आहे. वरच्या अंगास थोड्याच मैलांवर धोमचे धरण आहे, आणि अखेरीस नायक ज्या पाण्यात हात धुतो ते त्या धरणातून सोडले जाईल तसे वाढते वा आटते. सरदार सरोवर पूर्ण पातळीस, म्हणजे 138.68 मीटरपर्यंत, प्रथम भरले ते सप्टेंबर 2019 मध्ये. अक्राणीच्या काठावरील उरलीसुरली शेते त्या महिन्यात पाण्याखाली होती.