वात्सल्य, पाळत आणि परतीची वाट : डॉन बॉस्को यांच्या ‘प्रतिबंधक पद्धती’ची ख्रिस्ती प्राथमिक शाळेच्या संदर्भात चिकित्सा

प्रास्ताविक

मुलाने चांगले वागावे असे प्रत्येक शाळेला वाटते. ते त्याने का वागावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक शाळेजवळ असतेच असे नाही. ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या प्राथमिक शाळेला या प्रश्नाला बगल देता येत नाही. ज्या श्रद्धेच्या आधारावर ती शाळा उभी आहे, तिच्या केंद्रस्थानी ‘कृपा’ ही संकल्पना आहे. कृपा म्हणजे न कमावता मिळणारे प्रेम. उलट वर्गातील शिस्तीची नित्याची साधने, म्हणजे वहीवरचा तारा, ‘हाऊस’चे गुण, महिन्याचा आदर्श विद्यार्थी आणि प्रगतिपुस्तकातील वर्तनाचा शेरा, ही सारी कमाईच्या तत्त्वावर चालतात. प्रार्थनेच्या वेळी एक तत्त्व शिकवायचे आणि पहिल्या तासाला दुसरे आचरायचे, अशी ही विसंगती आहे.

या विसंगतीकडे पाहण्यासाठी प्रस्तुत निबंधात एका छोट्या पण प्रभावी संहितेचा विचार केला आहे. इटलीतील धर्मगुरू जॉन बॉस्को (१८१५-१८८८) यांनी १८७७ मध्ये लिहिलेले ‘प्रतिबंधक पद्धती’विषयीचे टिपण हीच ती संहिता. त्यांनी १८५९ मध्ये स्थापिलेल्या सालेशियन संघाच्या शाळा आज जगभर आहेत. माटुंगा आणि पणजी येथील डॉन बॉस्को शाळा आपल्या परिचयाच्या आहेत. या संघाचे सदस्य १९०६ मध्ये तंजावरला आणि १९२८ मध्ये मुंबईत आले. तेव्हा या संहितेचा आपल्या शिक्षणव्यवहाराशी असलेला संबंध केवळ पुस्तकी नाही.

संहितेचा आशय

फ्रान्समधील नीस येथे सालेशियन संस्था सुरू झाली, त्या निमित्ताने हे टिपण लिहिले गेले. त्यात बॉस्को शिक्षणाच्या दोन पद्धती समोरासमोर ठेवतात. पहिली दमनाची. तिच्यात नियम जाहीर करायचे, मग ते मोडणारा सापडावा म्हणून लक्ष ठेवायचे आणि सापडला की शिक्षा करायची. ही पद्धत सोपी आहे, सैन्याला आणि प्रौढांना ती चालते, असे ते म्हणतात. दुसरी प्रतिबंधाची. तिच्यातही नियम जाहीर करायचेच. परंतु नंतर शिक्षकाने मुलांमध्ये पित्याप्रमाणे असे वावरायचे, की चूक करण्याची संधीच मुलाला मिळू नये. या पद्धतीचे तीन आधार ते सांगतात : विवेक, धर्म आणि वात्सल्य. तिसऱ्या आधारासाठी त्यांनी योजलेला ‘आमोरेव्होलेत्सा’ हा इटालियन शब्द नुसत्या प्रेमाहून वेगळा आहे. मुलाला जाणवेल अशा रीतीने प्रकट झालेले प्रेम, असा त्याचा रोख आहे.

या भूमिकेमागील मानसशास्त्रीय निरीक्षण आजही ताजे वाटते. मूल चंचल असते; नियम आणि शिक्षा त्याच्या लक्षातच राहत नाहीत; एखाद्या मित्रवत शब्दाने वेळीच सावध केले असते, तर ते चुकलेही नसते, असे बॉस्को म्हणतात. म्हणजे मुलाच्या चुकीत ते दुष्टपणा पाहत नाहीत, विसर पाहतात. एकोणिसाव्या शतकातील शालेय शिस्तीच्या पार्श्वभूमीवर हे परिवर्तन मोठे होते. त्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी आपल्या शाळेत छडीला फाटा दिला खरा. परंतु तिच्या जागी बिल्ले व बक्षिसे आणली आणि गळ्यात लाकडी ओंडका अडकवण्यासारख्या, मुलाला चारचौघांत लाजविणाऱ्या शिक्षाही आणल्या. बॉस्को लाजविण्याचा हा मार्ग नाकारतात. अत्यंत विरळ प्रसंग वगळता मुलाची कानउघाडणी एकांतातच करावी, असा त्यांचा दंडक आहे. मारणे, वेदना होतील अशा स्थितीत गुडघ्यांवर बसविणे, कान ओढणे या गोष्टी ते पूर्णपणे त्याज्य ठरवतात. कारणे तीन देतात : कायद्याने त्या निषिद्ध आहेत, त्यांनी मूल चिडते आणि शिक्षक स्वतः खालावतो. यांतील तिसरे कारण विशेष मोलाचे आहे.

पाळतीचा प्रश्न

तथापि या संहितेचे वाचन केवळ गौरवाच्या अंगाने करता येत नाही. पहिला आक्षेप पाळतीविषयी आहे. ज्याला चूक करण्याची संधीच मिळाली नाही, ते मूल चांगले वागले असे म्हणता येईल काय? ते केवळ वाईट वागले नाही, इतकेच म्हणता येईल. सततच्या नजरेतून माणसे कशी घडविली जातात, याचे विश्लेषण मिशेल फूको यांनी १९७५ मधील आपल्या ग्रंथात केले. त्यानंतर ‘सदैव लक्ष ठेवणारा शिक्षक’ ही प्रतिमा आपल्याला पूर्वीइतकी निरागस वाटत नाही. वर्गावर्गांत कॅमेरे बसविण्याच्या काळात तर या आक्षेपाची धार वाढली आहे.

बॉस्को यांच्या बाजूने याचे उत्तर त्यांच्याच दुसऱ्या लेखनात सापडते. १० मे १८८४ रोजी त्यांनी रोमहून तुरीनच्या आपल्या संस्थेला एक पत्र लिहिले. त्यात स्वप्नाच्या रूपाने त्यांनी क्रीडांगणाची दोन चित्रे रेखाटली आहेत. पहिल्या चित्रात मुले धावत आहेत, गात आहेत आणि शिक्षक त्यांच्या खेळात सामील आहेत. दुसऱ्यात मुले कंटाळून कोपऱ्यांत उभी आहेत आणि शिक्षक आपापसांत बोलत किंवा दुरून नजर ठेवत आहेत. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते आहे हे मुलांना कळले पाहिजे, हा त्या पत्राचा गाभा आहे. दोन्ही चित्रांत शिक्षक मैदानावर हजर आहेतच. फरक आहे तो सहवासाचा आणि पाळतीचा. बॉस्को यांना अभिप्रेत असलेला प्रतिबंध सहवासातून येणारा आहे. त्यांच्या हयातीतच त्याचे पाळतीत रूपांतर होऊ लागले होते, हेही हे पत्र सिद्ध करते. म्हणून पहिला आक्षेप मूळ कल्पनेवर नव्हे, तर तिच्या अंगभूत धोक्यावर आहे, असे म्हणावे लागते.

वात्सल्याचा नाण्यासारखा वापर

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिक्षेविषयीच्या भागात बॉस्को सांगतात, की शिक्षकाने आपली माया आवरती घेणे हीच मुलाला शिक्षा होते; आणि ही शिक्षा मुलाला उमेद देते, त्याला हीन करीत नाही. चांगल्या कामाची स्तुती हेच पारितोषिक आणि हलगर्जीपणाबद्दलची नापसंती हाच दंड, असेही ते म्हणतात. एक रुक्ष दृष्टिक्षेप थपडेहून अधिक परिणाम करतो, हे त्यांचे निरीक्षण कोणताही शिक्षक मान्य करील.

परंतु परिणामकारकता म्हणजे योग्यता नव्हे. बॉस्को यांच्यासमोरची मुले बहुतांशी तुरीन शहरात कामधंद्यासाठी आलेली, किशोरवयीन आणि अनेकदा निराधार होती. सहा-सात वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी. ‘बाईंना माझे वागणे आवडले नाही’ आणि ‘बाईंना मी आवडत नाही’ या दोन वाक्यांतील अंतर त्या वयात फारच थोडे असते. मार्टिन हॉफमन आणि हर्बर्ट सॉल्टझ्टाइन यांनी १९६७ मध्ये पालकांच्या शिस्तपद्धतींचा अभ्यास करताना सत्तेचा वापर, प्रेम काढून घेणे आणि आपल्या वागण्याचा दुसऱ्यावर काय परिणाम झाला हे समजावून सांगणे, असे तीन प्रकार वेगळे केले. त्यांनी अभ्यासलेल्या मध्यमवर्गीय मुलांत नैतिक वाढीशी सुसंगत असा संबंध तिसऱ्या प्रकाराचा आढळला. प्रेम काढून घेण्याचा फारसा आढळला नाही. बॉस्को यांच्याच परिभाषेत सांगायचे, तर शिक्षेच्या क्षणी ‘विवेक’ उपयोगी पडतो, ‘वात्सल्य’ आवरते घेणे नव्हे.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने ही अडचण आणखी खोल आहे. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात पिता मुलाला दुरून पाहताच धावत जातो. मुलाचे क्षमायाचनेचे वाक्य पुरे होण्याचीही तो वाट पाहत नाही. त्याची माया कधी आवरती घेतलेलीच नव्हती. द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांच्या दृष्टांतात शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण मजुरी मिळते. या कथा वर्गात सांगणारी शाळा मायेचा नाण्यासारखा हिशेब ठेवू लागली, तर ती स्वतःच्याच पाठाविरुद्ध उभी राहते.

हरवलेला आधार

मग बॉस्को यांना हे दिसले नाही काय? माझ्या मते दिसले होते, आणि त्याची भरपाई त्यांच्या व्यवस्थेत होती. ती ‘धर्म’ या आधारात होती. रोजची मिस्सा आणि वारंवार, परंतु सक्तीविना, होणारे पापनिवेदन हे त्यांच्या शिक्षणव्यवस्थेचे स्तंभ होते. चुकलेल्या मुलाला शिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एक परतीची वाट नेहमी उघडी होती. तेथे चूक एकांतात सांगता येई, क्षमा निश्चित असे आणि नंतर पाटी कोरी होई. माया आवरती घेतल्याची सल त्या वाटेने भरून निघत असे.

आजच्या आपल्या ख्रिस्ती शाळांत ही वाट बहुतेक मुलांसाठी उपलब्ध नाही, आणि नसणेच योग्य आहे. अनेक शाळांत बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्तेतर आहेत. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला, अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीविना, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही. परिणामी कॅथलिक मुलांना कॅटेकिझम आणि इतरांना मूल्यशिक्षण अशी विभागणी अनेक ठिकाणी रूढ झाली. मूल्यशिक्षणात क्षमेवरचा धडा असतो. क्षमा मिळण्याची व्यवस्था नसते. अशा रीतीने बॉस्को यांच्या पद्धतीतील नापसंतीचा दंड टिकला आणि त्याला तोलणारी क्षमेची यंत्रणा गळून पडली. त्या रिकाम्या जागी तारे, गुण आणि फलक आले. फळ्याच्या कोपऱ्यातील ‘दंगा करणारे’ ही नावांची यादी शाळा सुटेपर्यंत तशीच राहते; तिच्यातून नाव पुसून घेण्याचा मार्ग मुलाला कोणी सांगत नाही.

पारितोषिकांवर सारे सोपवणेही धोक्याचे आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आधी सांगून बक्षीस दिलेल्या बालवर्गातील मुलांनी पुढे मोकळ्या वेळात चित्रे काढण्यात इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ घालवला. त्याच्या कितीतरी आधी, १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरी यांनी एक प्रसंग नोंदविला होता. कामात गढलेल्या मुलाचे बक्षिसाचे पदक खाली पडले. शिक्षा म्हणून बसवून ठेवलेल्या मुलाने ते मागितले आणि पहिल्याने बेफिकिरीने देऊन टाकले. माँटेसरीही इटालियन आणि कॅथलिक. परंतु बॉस्को यांनी मायेत शोधलेले उत्तर त्यांनी कामाच्या आनंदात शोधले. हाच विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्याद्वारे गुजरात-महाराष्ट्रात रुजला. शिक्षा आणि बक्षीस ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, हे आपल्या बालशिक्षणाने तेव्हाच ओळखले होते.

कायदा आणि परंपरा

हा प्रश्न आज केवळ तात्त्विक नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. मात्र २०१४ च्या प्रमती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिनियम अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असे ठरविले. २०२५ मध्ये द्विसदस्यीय पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठविण्याची भूमिका घेतली. इतर कायद्यांचे संरक्षण मुलांना आहेच. तरीही कायद्याची व्याप्ती काहीही ठरो, जिच्या परंपरेत १८७७ मध्येच कान ओढणे निषिद्ध ठरले होते, त्या शाळेने कायद्याच्या पळवाटेकडे पाहणे तिला शोभणारे नाही. अल्पसंख्याक संस्थेची स्वायत्तता ही वेगळे काही करून दाखविण्यासाठी असते, कमी काही करण्यासाठी नव्हे.

समारोप

एकंदरीत, बॉस्को यांच्या संहितेतील निदान आजही ग्राह्य आहे. मूल विसरते म्हणून चुकते, जाहीर अपमान त्याला सुधारत नाही आणि प्रेम मुलाला जाणवावे लागते, हे तिचे टिकाऊ धन आहे. माया आवरती घेण्याचा उपाय मात्र प्राथमिक वयासाठी त्याज्य मानावा लागतो. कारण ज्या धार्मिक व्यवस्थेत तो सुसह्य होता, ती आज मुलाच्या भोवती नाही. तेव्हा ख्रिस्ती प्राथमिक शाळेपुढील खरे काम नवनवी पारितोषिके शोधणे हे नसून सर्व धर्मांच्या मुलांना चालता येईल अशी परतीची वाट बांधणे हे आहे. चुकलेल्या मुलाशी एकांतात बोलणे, ज्याला दुखावले त्याच्यासाठी काही करून झालेली हानी भरून काढण्याची संधी त्याला देणे आणि दिवस संपण्यापूर्वी त्याचे नाव फळ्यावरून पुसणे, इतक्या साध्या गोष्टींपासून तिची सुरुवात होऊ शकते. बॉस्को यांच्या संस्थेत रात्री झोपण्यापूर्वी प्रमुखाने सर्व मुलांशी चार शब्द बोलण्याचा प्रघात होता. दिवसाच्या शाळेत तो शाळा सुटण्याच्या घंटेआधी पाळता येईल. दिवसभरात काहीही घडलेले असो, उद्या सकाळी आपले स्वागतच होणार आहे, हे घरी जाणाऱ्या मुलाला ठाऊक असले पाहिजे. चांगले वागण्याचे यापेक्षा मोठे प्रोत्साहन शाळेजवळ नाही.