आधी वाट, मग नक्षी

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' (2020) खेळलात का? राजस्थानी धाटणीचे महाल, भित्तिचित्रं, दूर सरकणारा कॅमेरा. डोळ्यांचं पारणं फिटतं. माझी तक्रार वाटेबद्दल आहे. कॅमेरा आपल्या हातात नसतो, त्यामुळे काही उड्यांत पुढची कड किती लांब आहे तेच कळत नाही. देखावा जिंकतो, खेळणारा पडतो.

हिंगोलीत बसून औंढा नागनाथाच्या देवळाचा नकाशा करताना मीही हीच चूक केली. आधी बाहेरच्या भिंतींवरचं शिल्पकाम करत बसलो. मग खालच्या गाभाऱ्यात उतरायची अरुंद वाट केली, तर पात्र तिच्यात मावेना! कॅमेरा भिंतीत घुसला. सगळं काम पुसावं लागलं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पात्राची उंची आणि उडी ठरवा. मग साध्या करड्या ठोकळ्यांनी वाट मांडा. दुसऱ्या कुणाला तरी खेळायला द्या. तो अडकला की ठोकळे हलवा. प्रकाश आणि नक्षी शेवटी. ठोकळा हलवायला मिनिट लागतं. कोरलेला खांब हलवताना मात्र जीव तुटतो, आणि मग आपण चुकीची वाटच बरोबर म्हणत राहतो.

औंढ्याला आपण वाकून खाली उतरतो, तेव्हा ती वाटच दर्शनाची ओढ लावते. 'राजी'त मला हेच कमी पडलं.