‘सकाय निरुत्तिया’ आणि आमची श्रामणेर शिबिरे

बारामती-इंदापूर भागात, महाराष्ट्रात इतरत्र भरतात तशीच, श्रामणेर शिबिरे भरतात. दहा दिवसांची मजुरी सोडून आलेला उपासक चीवर धारण करतो, दहा शीले व वंदना मुखोद्गत करतो. त्याच्या श्रद्धेविषयी आम्हांस शंका नाही, अभ्यासक्रमाविषयी आहे. पुष्कळदा पाठ होतो, अर्थ राहतो.

अर्थ न कळला तरी पालीचे पावित्र्य पुरेसे, असे समर्थन केले जाते. त्याचे मूळ बुद्धघोषांच्या अट्ठकथेत सापडेल. चुल्लवग्गात ब्राह्मण कुळातील दोन भिक्खू बुद्धवचन छंदात घालण्याची अनुज्ञा मागतात. तथागत ती नाकारून ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्यास सांगतात. बुद्धघोष या पदाचा अर्थ बुद्धांची मागधी असा करतात. आम्हांस तो ग्राह्य वाटत नाही. नाना कुळांतील भिक्खू ‘सकाय निरुत्तिया’ बुद्धवचन बिघडवितात, हीच त्या दोघांची तक्रार होती. तक्रारीत ‘आपापली भाषा’ आणि उत्तरात ‘मागधी’, असा एकाच पदाचा अर्थ कसा पालटेल?

मंगोलांचा इतिहास येथे बोलका आहे. 1578 मध्ये अल्तान खानाने तिबेटी धर्मगुरू सोनम ग्यात्सो यांची भेट घेतली. 1586 मध्ये एर्देनी झू विहाराची उभारणी सुरू झाली. पुढे दत्सन नामक विद्यालयांत तर्क, वैद्यक, ज्योतिष शिकविले जाई, पण मुख्यतः तिबेटी भाषेत. लिगदान खानाच्या काळी, 1628-29 मध्ये, कंजूरचे मंगोल भाषांतर सिद्ध होऊनही हे बदलले नाही. सामान्य उपासकास पाठ तेवढा ऐकू येई. तथापि तेथील विद्यार्थी वर्षानुवर्षे वादविवाद करीत. परकी भाषा त्यांच्या अंगवळणी पडे. आमच्याकडे ती वर्षेही नाहीत. (महावग्ग तर समर्थ भिक्खूसही पाच वर्षे आचार्याच्या निश्रयात राहण्यास सांगतो!)

बाबासाहेबांना ही अडचण ठाऊक होती. त्यांचा पाली शब्दकोश, पाली व्याकरण आणि ‘बौद्ध पूजापाठ’ महाराष्ट्र शासनाने 1998 मध्ये सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. कोशात मराठी अर्थही आहेत. तो खंड विहाराच्या कपाटात नव्हे, शिबिरार्थीच्या हाती हवा. पहिल्या दिवशी त्रिसरणाचे एकच वाक्य घ्यावे: ‘बुद्धं’ व ‘सरणं’ या दोहोंची द्वितीया, ‘गच्छामि’ हे प्रथमपुरुषी एकवचन. मग शिबिरार्थीने आपल्या बोलीत त्याचा अर्थ सांगावा, आणि इतरांनी त्यास प्रश्न विचारावेत.