क्लोनवर बंदी, आणि प्रयोगशाळेतलं ‘हो’

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, सरकारी विद्यापीठांत मानवी क्लोनिंगवर बंदी घातली की प्रश्न मिटला ना? मला वाटतं, मूळ प्रश्नाला अजून हातच लागलेला नसतो.

सेऊल राष्ट्रीय विद्यापीठाचं उदाहरण घ्या. जनतेच्या पैशावर चालणारी संस्था. तिथल्या ह्वांग वू-सुक यांनी २००४ मध्ये जाहीर केलं की क्लोन केलेल्या मानवी भ्रूणापासून आपण मूलपेशी मिळवल्या. पुढच्या वर्षी तर म्हणे रुग्णागणिक, अशा ११ पेशीमालिका! देशानं डोक्यावर घेतलं, टपाल तिकीट काढलं. जानेवारी २००६ मध्ये विद्यापीठाच्याच चौकशी समितीनं दोन्ही शोधनिबंध बनावट ठरवले. (क्लोन केलेलं कुत्रं, स्नपी, तेवढं खरं निघालं.)

सगळे या बनवेगिरीवर बोलतात. मला दुसरंच बोचतं. या उद्योगात दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजं वापरली गेली. ती मिळवायची तर बाईला हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागतात, सुईनं बीजं काढावी लागतात. त्रास होतो, धोका असतो. आणि बीजं देणाऱ्यांत प्रयोगशाळेतल्याच कनिष्ठ संशोधक मुली होत्या. चौकशी अहवाल सांगतो की ‘स्वेच्छेनं’ बीजदान करण्याचे अर्ज त्यांच्यात वाटले गेले होते. स्वेच्छेनं! अर्ज वाटणारा कोण, तर जिच्या पीएच.डी.वर सही करायची तिचाच साहेब.

दक्षिण कोरियाचा जैवनीती कायदा १ जानेवारी २००५ ला लागू झाला. माणूस क्लोन करायला बंदी, बीजांच्या खरेदी-विक्रीला बंदी. २००९ मध्ये ह्वांग यांना शिक्षा झाली, तीही स्थगित, ती अपहार आणि बीजांचा व्यवहार यासाठी. पैसे दिले की कायद्याला दिसतं. नुसता दबाव दिसत नाही. कारण तो कुठं लिहिलेलाच नसतो.

आपल्याकडे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. क्लोनिंगनं मूल जन्माला घालायला मनाई, भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवायला मनाई, संस्थेत समिती हवी. ठीक आहे. पण समितीपुढे सही केलेलं संमतिपत्र येतं, ती सही करतानाचा चेहरा येत नाही. आम्ही तत्त्वज्ञानवालेही कमी नाही. भ्रूण ही व्यक्ती आहे का यावर वर्षानुवर्षं कांटला राबवला, आणि बीज देणारी तर निःसंशय व्यक्ती आहे, तिच्याबद्दल चार ओळी!

माझंच सांगतो. माझ्या पुस्तकाची प्रुफं मी एका विद्यार्थिनीला तपासायला दिली होती. वेळ आहे का, असं विचारलं होतं बरं का. ती म्हणाली, हो सर. तिचा प्रबंध तेव्हा माझ्या टेबलावर होता. प्रुफांच्या जागी तिचं शरीर ठेवून बघा.

म्हणून माझी मागणी साधी आहे: ज्या प्रयोगशाळेत ती शिकते किंवा नोकरी करते, तिथं तिचं बीज घ्यायचंच नाही. तिनं आनंदानं दिलं तरी नाही. यावर कुणी म्हणेल, हा तिच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. आक्षेप खरा आहे, आणि मला तो पुरता खोडता येत नाही. तरी मी मागणी सोडत नाही.

विचारा आता प्रश्न.